वीतभर अग्निबाण

जोडे विकणाऱ्या माणसानं लोकांच्या पायांकडे बघावं, आभाळाकडे बघू नये, असा नियम कुठल्याही शास्त्रात सांगितलेला नाही. असता, तर जगातली लाखो मुलं एका मोठ्या आनंदाला मुकली असती. आणि मीही गेला अख्खा हिवाळा हातात पॉलिशपेपर घेऊन, नाकाला लाकडाचा भुसा लावून बसलो नसतो.

अमेरिकेत नेब्रास्का नावाचं राज्य आहे. तिथं मक्याखेरीज काही उगवत नाही, अशी इतर अमेरिकनांची ठाम समजूत. या राज्यातल्या नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे गृहस्थ बुटांचं दुकान चालवीत. त्यांना नाद होता शोभेच्या दारूचा. आपल्यासारखा चार दिवसांचा नव्हे, चांगला रीतसर परवाना काढून केलेला नाद. त्यांचे बंधू रॉबर्ट यांना छोट्या विमानांचं वेड. रॉबर्टना रॉकेट का उडतं यावर व्याख्यानं द्यायची असत. आता रॉकेटवर नुसतं बोलत राहिलं तर श्रोते उडून जातात, रॉकेट जागेवरच राहतं. तेव्हा १९५४ साली ऑर्व्हिलनी भावासाठी कागदाच्या नळीचं एक छोटं रॉकेट तयार केलं. नाव ठेवलं 'रॉक-अ-शूट'.

यात विशेष काय, असं दिवाळीत बाण उडवलेला कोणीही विचारील. मीही सांगलीत असताना रिकाम्या बाटलीत काडीचा बाण उभा करून शेजारच्या काकांच्या गच्चीवर सोडलेला आहे. पण आपला बाण म्हणजे एका जन्माचा धनी. वर गेला, फुटला, संपला. काडी कोणाच्या तरी धोतरावर. कार्लाइलांच्या रॉकेटला पुनर्जन्म होता. दारू भरलेली नळी निराळी, रॉकेटचं अंग निराळं. वर गेल्यावर आतला एक छोटा बार नाकाचं टोपण उडवायचा, छत्री उघडायची आणि रॉकेट सावकाश खाली यायचं. जळकी नळी काढायची, नवी घालायची, पुन्हा उडवायचं. बुटाचा तळ झिजला की नवा ठोकून घ्यावा, तसं. चांभारी अक्कल आणि आकाशविद्या यांचा असा संगम पूर्वी कुठं झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

एवढ्यावर ही गोष्ट नॉरफोकमध्येच राहिली असती. पण ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियानं स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेतल्या आयांची झोप उडाली. सेनापतींचीही उडाली, पण ती वेगळ्या कारणानं. आयांची उडाली ती घरातल्या तळघरातून येणाऱ्या वासानं. देशातलं प्रत्येक दहा ते सतरा वर्षांचं कार्टं रॉकेट बनवायला बसलं होतं. लोखंडी नळी घ्यायची, तिच्यात काड्यापेटीतल्या काड्यांचं गुल खरवडून ठासायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. या पोरांना नावच पडलं होतं 'तळघरातले बाँबवाले'. लोखंडी नळी आकाशात जायच्या ऐवजी हातातच फुटायची. कोणाचा डोळा गेला, कोणाची बोटं गेली, कोणी स्वतःच गेलं.

त्या वेळी न्यू मेक्सिकोमधल्या व्हाइट सँड्स या लष्करी चाचणीतळावर जी. हॅरी स्टाइन नावाचे तरुण इंजिनियर सुरक्षिततेचं काम बघत. ते मासिकांतून रॉकेटांवर लेखही लिहीत. पोरांच्या अशा रॉकेटबाजीतला धोका काही स्पुटनिकबरोबर जन्मलेला नव्हता. तो आधीपासूनच होता, आणि स्टाइननी त्यावर लिहिलंही होतं. ते वाचून कार्लाइलांनी जानेवारी १९५७ मध्ये आपल्या रॉकेटचे आणि दारूच्या नळ्यांचे नमुने त्यांना पाठवले. स्टाइननी ती उडवून पाहिली आणि त्यांच्या ध्यानात आलं, की पोरांना 'करू नका' म्हणून भागणार नाही. ते करणारच. तेव्हा करू द्यावं, पण दारूला हात लावू देऊ नये. ती कारखान्यातूनच बंद होऊन यावी. रॉकेटला कागद, हलकं लाकूड, प्लॅस्टिक चालेल; लोखंड नको. काडी ओढून पेटवायचं नाही. तार जोडायची, लांब उभं राहायचं आणि विजेचं बटण दाबायचं. आजही लहान रॉकेटांसाठी हे अंतर निदान पंधरा फूट ठेवायचं असा नियम आहे. त्याच वर्षी या छंदाची राष्ट्रीय संघटना निघाली आणि डेन्व्हरला स्टाइन आणि मंडळींची कंपनीही निघाली.

कंपनीला रॉकेटं जमली, मोटरी जमेनात. मोटर म्हणजे चारचाकी नव्हे; दारूनं भरलेली, अंगठ्याएवढी कागदाची नळी. बाहेरून येणाऱ्या नळ्यांचा भरवसा नव्हता. म्हणून स्टाइन गेले व्हर्नन एस्टस या तरुणाकडे. याचे वडील शोभेची दारू बनवीत. पोरानं हातानं दारू ठासायच्या ऐवजी ते काम करणारं यंत्रच बांधलं. त्याला नाव दिलं मेबल. १९५९ च्या जानेवारीत मेबलबाई कामाला लागल्या आणि दर साडेपाच सेकंदांना एक मोटर काढू लागल्या. इतक्या मोटरी स्टाइनना नकोच होत्या. पुढे स्टाइनची कंपनी बसली, आणि एस्टसनी उरलेल्या मोटरींसाठी स्वतःच रॉकेटांचे संच विकायला काढले. सुनेनं पोळ्या जास्त केल्या म्हणून खानावळ काढावी, त्यातला प्रकार. १९६१ साली त्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना कोलोरॅडोमधल्या पेनरोज या गावी हलवला. तिथून तासाभराच्या अंतरावर मी राहतो. १९७४ साली नोकरीसाठी या देशात आलो तो इथंच मुरलो.

एस्टसच्या संचांतला पहिला होता 'अॅस्ट्रॉन स्काउट'. वीतभर लांबीचं, बिनछत्रीचं रॉकेट. ही त्याची गंमत नीट ऐका. रॉकेट सरळ जायला त्याचं तोंड जड आणि शेपटीकडे वाऱ्याचा जोर जास्त असावा लागतो. स्काउट वर पोचलं की आतला छोटा बार उडतो आणि मोटर मागं सरकून शेपटीशी अडकते. त्याबरोबर वजन मागं जातं, तोल जातो आणि रॉकेट कोलांट्या खात खाली येतं. कोलांट्या खाणारी हलकी वस्तू जोरानं पडत नाही, म्हणून छत्रीचं काम नाही. ताठ मानेनं वर चढायचं आणि वजन मागं सरकलं की लोळण घेत उतरायचं. आम्हा पेन्शनरांचं चरित्र इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणी मांडलेलं नाही.

पुढे १९७० च्या सुमारास एस्टस कंपनी दुसऱ्या कंपनीनं घेतली, नवी रॉकेटं आली, मोठी आली, आणि स्काउटचं नाव कॅटलॉगातून गळून गेलं. पण ज्यांचं बालपण त्या कॅटलॉगात गेलं ते कुठं जाणार? मुलगी आवडली म्हणून, नोकरी लागली म्हणून त्यांनी रॉकेटं सोडली. पोरं मार्गाला लागल्यावर पुन्हा धरली. त्यांना इथं 'पुनर्जन्म झालेले रॉकेटवाले' म्हणतात, आणि इंग्रजी आद्याक्षरं जुळवून त्याचा उच्चार होतो 'बार'! आपल्याकडे फुसके बार असतात. हे साठी-सत्तरीनंतर पेटलेले बार. जुने संच मिळत नाहीत म्हणून जुन्या आराखड्यांवरून ते हुबेहूब नवे बनवतात. त्याला ते 'क्लोन' म्हणतात. नक्कल म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण या धंद्यात नकलेची परंपरा मोठी खानदानी आहे. टिपूच्या फौजेचे लोखंडी नळ्यांचे बाण इंग्रजांनी पाहिले, विलायतेला नेले, आणि त्यावरून विल्यम काँग्रीव्हनं स्वतःचे बाण तयार केले. तेही एक प्रकारचं क्लोनच. फक्त पदरचं नाव दिलं.

असा एक बार आमच्या शेजारी राहतो. माझ्यापेक्षा वर्षभरानं लहान. तरी आम्ही त्यांना आपसांत 'शेजारीबुवा' म्हणतो. गेल्या नोव्हेंबरात ते एक चपटा खोका घेऊन आले. आत कागदाची नळी, बाल्साची एक पातळ फळी, लाकडाचं नाक आणि जुन्या आराखड्याची प्रत.

"स्काउट करायचंय," म्हणाले, "पण हे बघा." आणि दोन्ही हात पुढे केले. हात थरथरत होते. दोन वर्षं झाली, डॉक्टरांनी औषधं दिलीत, पण हातांना ती पोचलेली नाहीत.

"तुम्ही इंजिनियर ना?" त्यांनी विचारलं.

मी पस्तीस वर्षं पूल बांधले. पुलाचं एक बरं असतं, तो उडावा अशी कोणाची अपेक्षा नसते. पण थरथरणाऱ्या हातांना नाही म्हणायला निराळं काळीज लागतं.

"अहो, नातवंडांसाठी खेळणी करायची तर नातवंडांना विचारा तरी," आमची ही म्हणाली. पण चहा तिनंच आणला, शेजारीबुवांना चिवडाही दिला. त्यातले दाणे वेचून खायला त्यांना अर्धा तास लागला. तेवढ्यात मी पंख कापले.

बाल्सा हे लाकूड नव्हे, लाकडाचं भूत आहे. इतकं हलकं, की हातात घेतलं तर आपण काही घेतलं की नाही अशी शंका यावी. त्याच्या रेषा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर ठेवून कापायचं, नाहीतर पंख पहिल्या उड्डाणात मोडतो. मग खरी तपश्चर्या. बाल्साला असंख्य छिद्रं. ती बुजवायला पातळ लांबीचा हात द्यायचा, वाळू द्यायचा, पॉलिशपेपरनं घासायचा. पुन्हा लांबी, पुन्हा घासणं. पाच हात झाले तरी शेजारीबुवा पंख उजेडात धरून म्हणत, "रेषा दिसतेय." मला दिसत नसे. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांचं झालं होतं, माझं व्हायचं होतं.

मग कागदी नळीवरची खाच बुजवायची. पंखांच्या बुडाशी डिंकाची गोलसर रेघ ओढायची, म्हणजे सांधा भक्कम होतो. बाजूला शीतपेयाच्या नळकांडीसारखी एक बारीक नळी चिकटवायची. ती उडताना सळईवरून घसरत जाते आणि रॉकेटला सुरुवातीची दिशा देते. वीतभर वस्तू, पण तिच्यापायी आमच्या जेवणाच्या टेबलावर डिसेंबरभर जेवण झालं नाही.

तोल तपासायची रीत तर ऐकण्यासारखी आहे. मोटर घालून रॉकेट जिथं समतोल राहतं तिथं दोरी बांधायची आणि डोक्याभोवती गरगर फिरवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं तर उडायला लायक; शेपूट पुढे करून फिरलं तर घरी परत. जानेवारीच्या थंडीत, रस्त्याच्या मधोमध, कानटोप्या घातलेले दोन म्हातारे दोरीला काहीतरी बांधून गोफणीसारखं फिरवताहेत, हे दृश्य पलीकडच्या बाईंनी पडद्याआडून बघितलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना?" ही म्हणाली, "इतकं ठीक गेल्या दहा वर्षांत नव्हतं."

रंगाची वेळ आली तेव्हा मात्र तिढा पडला. मला वाटे, कॅटलॉगातल्या चित्रासारखं गुळगुळीत, चकचकीत करावं. नक्कल करायची तर अस्सलाबरहुकूम. शेजारीबुवा काही बोलेनात. एके दिवशी हिरव्या रंगाचा डबा आणि एक जाडा ब्रश घेऊन आले.

"स्नानघराचा आहे," म्हणाले. "माझंही याच रंगाचं होतं."

इतके हात देऊन, घासून-घासून आरसा केलेल्या अंगावर न्हाणीघराचा रंग! पण मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी पॉलिशपेपर खाली ठेवला.

त्यांचा भाऊ सहा वर्षांनी मोठा. १९५८ च्या उन्हाळ्यात, वयाच्या तेराव्या वर्षी, तोही तळघरातला बाँबवाला होता. लोखंडी नळी फुटली आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्या दिवसापासून आईनं घरात काड्यापेटी कुलपात ठेवली. १९६३ साली, शेजारीबुवांच्या अकराव्या वर्षी, शाळेतल्या एका मास्तरांनी घरी येऊन आईला समजावलं. बंद मोटर दाखवली, तार दाखवली, पंधरा फूट पावलांनी मोजून दाखवले. आई एका अटीवर कबूल झाली: स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तिच्यासमोर, आणि थोरल्यानं शेजारी बसायचं. डिंक वाळेपर्यंत थोरल्यानं तीन बोटांच्या हातात रॉकेट धरून ठेवलं. वीस मिनिटं आई समोर बसून होती, एक शब्द बोलली नाही. रंगाला पैसे नव्हते, म्हणून स्नानघराचा उरलेला हिरवा थोरल्यानंच फासला. ओघळ आले. ओल्या रंगात त्याचा अंगठा उमटला, तो तसाच राहिला. चौथ्या उड्डाणात ते रॉकेट कुणाच्या छपरापलीकडे गेलं ते गेलंच. भाऊ गेला त्याला आता दोन वर्षं झाली.

मी विचारात पडलो. एस्टस कंपनीनं स्काउटं विकली असं आपण म्हणतो. विकली कुठं? तिनं नळ्या विकल्या, फळ्या विकल्या आणि सूचनांचा कागद विकला. स्काउट बनलं ते स्वयंपाकघरांतल्या टेबलांवर, कुणाच्या बेसिनच्या कडेला, कुणाच्या अंथरुणात. कारखान्यातून निघालेलं अस्सल स्काउट असं काही नव्हतंच. कॅटलॉगातलं चित्र ही पत्रिका; मुलगा प्रत्येकाच्या घरी निराळा. मग शेजारीबुवांचं अस्सल कोणतं? ओघळांचं आणि हिरवं. आम्ही हिरवं केलं. ओघळ मुद्दाम आणायला फार कौशल्य लागतं. रंग पातळ करून तीनदा प्रयोग केले.

शेवटी शेजारीबुवांनी मागच्या बाजूला, पंखाच्या वर, बोटानं जागा दाखवली. "इथं होता."

"मग उठवा की अंगठा," मी म्हणालो.

"माझा हात घसरतो. सगळा रंग पुसला जाईल. तुम्हीच द्या."

आमच्या घराण्यात तीन पिढ्या सही करतात. आजोबा मामलेदार कचेरीत लोकांचे अंगठे घेत, देत नसत. त्यांचा नातू पंच्याहत्तराव्या वर्षी परक्या देशात, परक्या माणसाच्या भावाच्या नावानं अंगठेबहाद्दर झाला. ठसा चांगला उठला. ही शेजारी उभी होती. नेहमीप्रमाणे काही बोलेल असं वाटलं. पण तिनं फक्त अंगठा पुसायला फडकं दिलं.

आता हे उडवायचं की काचेच्या कपाटात ठेवायचं, यावर दोन्ही घरांत चर्चा झाली. बार मंडळींतही हे दोन पंथ आहेत. कपाट-पंथीयांचं म्हणणं, तीन महिन्यांची मेहनत एका झाडावर का टांगायची? ही म्हणाली, "एवढं घासलंत ते वर सोडायला? मोलकरणीनं भांडी घासून विहिरीत टाकावी तसं झालं." शेजारीबुवा नुसते हसले. मोटरींचं पाकीट त्यांनी आधीच आणून ठेवलं होतं. त्यावर 'ए८-३' असं लिहिलेलं. 'ए' म्हणजे एकूण ताकदीचा वर्ग, पुढचं अक्षर आलं की कमाल ताकद दुप्पट. ८ म्हणजे सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. आणि ३ म्हणजे दारू संपल्यावर छोटा बार उडेपर्यंतचे सेकंद. जाडीला अठरा मिलिमीटर, लांबीला सत्तर. मेबलनं ज्या मापाची मोटर काढली त्याच मापाची अजून दुकानात मिळते. रॉकेटाचा संच बंद पडला, पण त्याच्या काळजाचं माप बदललेलं नाही.

एप्रिलमध्ये पाऊस पडून गेल्यावर, गवत ओलं आणि वारा पडलेला बघून, आम्ही मैदानावर गेलो. इथं कोरड्या दिवसांत ठिणगीचीही बंदी असते, आणि ती असावीच. शेजारीबुवांनी पंधरा फूट पावलांनी मोजले, हळूहळू, मास्तरांसारखे. बटण त्यांनी दाबायचं ठरलं. बटणाचं एक चांगलं आहे, हात थरथरला तरी त्याला चालतं.

पाच, चार, तीन, दोन, एक. 'सुर्र' असा आवाज झाला, जागेवर धुराचा एक धागा राहिला आणि हिरवा ठिपका वर, वर, दिसेनासा. माझी नात "कुठंय, कुठंय" म्हणून ओरडत होती. मग वर एक बारीकसा पट्‌ आवाज, आणि आमचं स्काउट कोलांट्या घेत, अगदी निवांत, कसलीच घाई नसल्यासारखं खाली आलं. नातीनं ते गवतातून शोधून आणलं. एक पंख बुडाशी चिरला होता.

मला हळहळ वाटली. शेजारीबुवांनी मात्र चीर निरखून बघितली आणि त्यांचा चेहरा खुलला. "पहिल्याचाही इथंच," ते म्हणाले, "हाच पंख."

आणि त्यांनी कोटाच्या खिशातून डिंकाची बाटली काढली. घरून निघतानाच घेऊन आले होते. मी गवतावर बसलो, पंख जागी बसवला आणि डिंक वाळेपर्यंत धरून ठेवला. शेजारीबुवा समोर बसून होते, वीस मिनिटं, एक शब्द न बोलता.